मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या गणिताच्या तासाचं निरीक्षण नेमकं कसं नोंदवायचं?

नमस्कार. मी जत तालुक्यात (जि. सांगली) साधनव्यक्ती आहे, म्हणजे शाळांना भेटी देऊन शिक्षकांना शिकवण्यात मदत करते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावं यासाठी निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, त्याची मुदत २०२६-२७ आहे. आमच्याकडे गणितात मागे राहिलेल्या मुलांसाठी रोज वेगळा तास घेतात. आधी काड्या-मणी, मग चित्र, मग अंक. पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि तास तसा होतो का, हे बघायला मी वर्गात बसते.

एका वर्गात सगळ्या पायऱ्या तंतोतंत झाल्या. साहित्य प्रत्येकाच्या हातात, वेळही पाळली. पण 'बावन्न' ऐकून २५ लिहिणाऱ्या मुलीला मॅडम "चूक, फळ्यावर बघ" म्हणाल्या आणि पुढचं कार्ड काढलं. तिनं एकक आधी का लिहिला, हे कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या शाळेत सरांनी चित्राची पायरी गाळली. मात्र ८ आणि ५ ची बेरीज करणाऱ्या मुलाला विचारलं, "कशी काढलीस?" तो दरवेळी एकपासून मोजत होता. सरांनी आठ मणी मुठीत झाकले, "हे आठ झाले, आता पुढं मोज." थोड्या वेळात पोरगा नऊपासून मोजायला लागला.

माझ्या नोंदपत्रकात मॅडमना सगळीकडे बरोबरची खूण आणि सरांना फुली! हे मला अजिबात पटत नाही. पण सरांना सूट दिली तर उद्या ज्याला जी पायरी जड जाईल ती तो गाळेल. चित्र गाळल्याचा फटका हातच्याच्या वजाबाकीत बसतो, हेही मी पाहिलंय.

त्यात ऊसतोडीचा प्रश्न. दिवाळीनंतर आईबापाबरोबर मुलं जातात. कागदावर तास झालेला असतो, त्या मुलाला तो मिळालेला नसतो.

पायऱ्या पाळल्या का आणि मुलाच्या उत्तरावर शिक्षकानं काय केलं, या दोन गोष्टी कुणी वेगवेगळ्या नोंदवता का? दुसरी गोष्ट दोन निरीक्षकांनी सारखीच नोंदवावी यासाठी काय करता? कुणाकडे वापरातलं नोंदपत्रक असेल तर कृपया इथे द्या. विशेषतः सातारा-सांगलीतल्या केंद्रप्रमुखांनी आणि पहिलीच्या शिक्षकांनी लिहावं. आणि शिक्षकांनो, निरीक्षणानंतर तुमच्याशी काय बोललेलं तुम्हाला खरंच उपयोगी पडतं, तेही सांगा.