वैमानिक असला तरी चालेल, नसला तरी चालेल: अशी एअरशिप हवी कशाला?

घाटवारा: अमेरिकी लष्कराने 2010 मध्ये एलईएमव्ही या एअरशिपचा, म्हणजे हेलियमवर तरंगणाऱ्या आणि इंजिनाने चालणाऱ्या हवाई जहाजाचा, करार केला. अफगाणिस्तानवर 20,000 फुटांवरून सलग 21 दिवस टेहळणी करायची ती माणसाविना, पण इकडून तिकडे नेताना आत वैमानिक बसवायची सोय. 7 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेतल्या लेकहर्स्टला उडाली तीही वैमानिक घेऊनच. फेब्रुवारी 2013 मध्ये प्रकल्प गुंडाळला. घनमीटरभर हेलियम जेमतेम किलोभर वजन उचलतो. तिथे कॉकपिट, खुर्च्या, माणसं असं ओझं का वाहायचं? एक काय ते ठरवा.

शीडवाला: कॉकपिटवर खापर फोडू नका. ती सुमारे 12,000 पौंडांनी जड झाली, त्यात शेपटाकडच्या फिनांचं, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या पंखांचं, वजन हिशेबाबाहेर गेलं होतं. आणि नागरी विमानांच्या वाटेतून 92 मीटर लांबीचं धूड माणसाविना न्यायला परवानगी कोण देणार?

घाटवारा: माणूस असून काय साधलं? तीच एअरशिप पुढे ब्रिटनमध्ये एअरलँडर 10 झाली. 24 ऑगस्ट 2016 ला कार्डिंग्टनला उतरताना नाकावर आदळली, कॉकपिट चेचलं. दोघं वैमानिक वाचले, नशीब!

शीडवाला: अहो, नांगरायचा दोर खाली लोंबत होता, तो विजेच्या तारांत अडकला. लोंबता दोर घेऊन कसं उतरायचं याची पद्धतच ठरलेली नव्हती. त्यात वैमानिकांचा काय दोष? उलट माणूस नसलेलं बघा. ऑक्टोबर 2015 मध्ये मेरीलँडमधला लष्कराचा टेहळणी फुगा सुटला आणि मागे केबल फरफटवत पेनसिल्व्हेनियातल्या हजारो घरांची वीज घालवून गेला.

रातराणी: तो बांधलेला फुगा होता, आत माणूस बसायची सोयच नव्हती. सुटल्यावर आतला वायू आपोआप सोडून फुगा खाली आणणारं यंत्र त्यात होतं, पण त्याच्या बॅटऱ्याच बसवलेल्या नव्हत्या! एअरलँडर नोव्हेंबर 2017 मध्ये नांगरायच्या खांबावरून माणसाविनाच सुटली, तेव्हा हेच काम करणाऱ्या यंत्रणेने तिला जागेवरच बसवलं. मला हीच यंत्रणा वैमानिकापेक्षा महत्त्वाची वाटते.

घाटवारा: अगदी! डीआरडीओने 3 मे 2025 ला श्योपूरहून सुमारे 17 किमी उंचीवर सोडलेली एअरशिप पहिल्यापासून मानवरहितच आहे. त्या उंचीवर माणूस न्यायचा तर दाबबंद केबिन आली, म्हणजे पुन्हा वजन.

शीडवाला: त्या उंचीवर मान्य. पण खाली, वस्तीवरून जाणार असेल तर चाचण्या पुऱ्या होईपर्यंत आत वैमानिक हवाच. कॉकपिट नंतर काढता येतं.