ओपन लिबर्टी या जावा सर्व्हरच्या नुसत्या कर्नलवर (गाभ्यावर) जेपीए (डेटाबेससाठी) आणि जेएमएस (मेसेजसाठी) चढवायचंय, किती फीचर्स (सर्व्हरला जोडायचे भाग) लागतील?

कर्नलपुरता
कर्नल-स्लिम या कंटेनर इमेजवर एक रेस्ट सेवा आहे. सर्व्हर.एक्सएमएल या कॉन्फिग फाइलमध्ये फीचर्स दोनच: रेस्टफुलडब्ल्यूएस-३.१ (रेस्टसाठी) आणि सीडीआय-४.० (डिपेंडन्सी इंजेक्शनसाठी). आता पोस्टग्रेस डेटाबेसवर जेपीए हवंय, शिवाय बाहेरच्या आर्टेमिस या मेसेज ब्रोकरकडून दिवसाला दोन-तीनशे मेसेज घ्यायचेत. अटी दोनच: कंटेनरला ५१२ एमबीच्या वर मेमरी मिळणार नाही आणि बिल्ड मशीनला इंटरनेट नाही. सर्व्हर बदलायचा नाहीये.

जुनाजावा
जकार्ताईई-१०.० (सगळं एकत्र देणारं फीचर) टाका, एका ओळीत विषय संपला. मेमरी १ जीबी करून घ्या.

टॉमकॅटभक्त
टॉमकॅट सर्व्हर आणि हायबरनेट ही जेपीए लायब्ररी. बाकी सगळी हौस.

नेमकं_बोला
वरचे दोघे प्रश्न न वाचताच आलेत.
जेपीएसाठी पर्सिस्टन्स-३.१ आणि जेडीबीसी-४.३. ट्रान्झॅक्शनचं वेगळं फीचर लिहू नका, ते जेडीबीसीबरोबर येतं. @ट्रान्झॅक्शनल चालायला सीडीआय लागतं, ते आहेच तुमच्याकडे. पर्सिस्टन्सबरोबर एक्लिप्सलिंक ही जेपीए लायब्ररी येते. हायबरनेटच हवं असेल तर त्याऐवजी पर्सिस्टन्सकंटेनर-३.१ घ्या आणि हायबरनेटचे जार स्वतः द्या. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर मात्र कुठलंच फीचर आणत नाही. जार ठेवून लायब्ररी घोषित करा आणि डेटासोर्सला जोडा.

रॅरवाला
जेएमएसमध्ये हमखास फसायला होतं. मेसेजिंगक्लायंट-३.० नावावरून बरोबर वाटतं, पण ते लिबर्टीच्या स्वतःच्या मेसेजिंगसाठी आहे, आर्टेमिसशी बोलणार नाही. बाहेरच्या ब्रोकरला मेसेजिंग-३.१, कनेक्टर्स-२.१, एमडीबी-४.० (मेसेज घेणाऱ्या बीनसाठी) आणि ब्रोकरचं रिसोर्स अडॅप्टर (ब्रोकरशी जोडणारी रॅर फाइल) लागतं. अडॅप्टर जकार्ता पॅकेजांचंच घ्या, जुन्या जावाएक्स नावांचं चालणार नाही. ॲक्टिव्हेशन स्पेकचा (एमडीबीला ब्रोकरशी जोडणाऱ्या नोंदीचा) आयडी ईएआर असेल तर ॲप/मॉड्यूल/बीन, नुसतं डब्ल्यूएआर असेल तर मॉड्यूल/बीन असा हवा. एक अक्षर चुकलं की लॉगमध्ये सीएनटीआर४०१५डब्ल्यू हा इशारा आणि एमडीबी गप्प.

जुनाजावा
म्हणूनच म्हटलं, सगळंच टाका.

रॅरवाला
सगळं टाकलं तरी आर्टेमिसचं अडॅप्टर त्यात येत नाही, साहेब.

लेयरलेयर
वाइल्डफ्लाय सर्व्हरमध्ये गॅलिऑनचा (भाग निवडून सर्व्हर बांधणाऱ्या साधनाचा) जॅक्सआरएस-सर्व्हर लेयर घेतला की जेपीए आपोआप येतं. नको असेल तर वगळताही येतं. यापेक्षा हलकं काय हवं?

नेमकं_बोला
सर्व्हर बदलायचा नाही, तिसऱ्यांदा.

बिल्डबिघाड
इंटरनेटचं कोणी बोललंच नाही. फीचर्स बसवणारी फीचरयुटिलिटी ती मेवन सेंट्रल या ऑनलाइन साठ्यावरून उतरवते, तुमच्या मशीनवर ती अडकणारच. नेट असलेल्या मशीनवर इमेज बांधा, डॉकर सेव्ह करा, इकडे डॉकर लोड. नाहीतर ईटीसी फोल्डरमधल्या फीचरयुटिलिटी.प्रॉपर्टीजमध्ये फीचरलोकलरेपो द्या. तिथली फीचर्स रनटाइमच्याच आवृत्तीची हवीत, जवळपासची चालत नाहीत.
डॉकरफाइलमध्ये आधी सर्व्हर.एक्सएमएल कॉपी, मग फीचर्स.एसएच (फीचर्स बसवणारी स्क्रिप्ट), त्यानंतर ॲप. उलटं केलंत तर दर बिल्डला फीचर्स नव्याने उतरतात.
आणखी एक. फीचर सापडलं नाही तरी सर्व्हर चालू होतो, कारण ऑनएरर या सेटिंगची मूळ किंमत वॉर्न (फक्त इशारा) आहे. लॉगमध्ये सीडब्ल्यूडब्ल्यूकेएफ०००१ई ही चूक येते, त्याखाली सर्व्हर तयार असल्याचंही येतं, आणि माणूस क्लास सापडत नाही म्हणून ॲप उसवत बसतो. सर्व्हर.एक्सएमएलमधल्या फीचरमॅनेजरवर ऑनएरर फेल करा.

हीपहिशेब
५१२चं गणित मांडा. जेव्हीएम दोन: ओपनजे९ आणि हॉटस्पॉट. ओपनजे९ १ जीबीखालच्या कंटेनरमध्ये हीपला (ऑब्जेक्ट्सच्या जागेला) निम्मी मेमरी घेतो, म्हणजे २५६ एमबी. हॉटस्पॉट असाच सोडला तर बहुधा पाव, म्हणजे १२८. जेव्हीएम.ऑप्शन्स फाइलमध्ये हीपची कमाल किंमत स्वतः ठरवून टाका, एका ओळीत एकच पर्याय. उरलेल्यात क्लासेस, जिट आणि थ्रेड मावायला हवेत.

टॉमकॅटभक्त
टॉमकॅटला हे काहीच लागत नाही.

कर्नलपुरता
आभारी आहे सगळ्यांचा. जेपीए टाकतोय, ऑनएरर फेल केलंय, इमेज बाहेर बांधून आणतोय. जेएमएस मात्र रद्द. दिवसाच्या तीनशे मेसेजसाठी तीन फीचर्स आणि एक अडॅप्टर नको. पाठवणारी यंत्रणा आमचीच आहे, ती पोस्टग्रेसच्या टेबलात ओळ टाकेल आणि कंकरंट-३.० फीचरचा शेड्यूल्ड एक्झिक्युटर (ठरावीक वेळाने काम चालवणारा) ती उचलेल.

रॅरवाला
एवढं लिहून घेतलं आणि शेवटी टेबल! ब्रोकर मग कशाला ठेवलाय?

नेमकं_बोला
दोन कंटेनर चालवणार असाल तर ओळी वाचताना फॉर अपडेट स्किप लॉक्ड (दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडणारं) लावा, नेटिव्ह क्वेरीत. नाहीतर एकच ओळ दोघेही उचलतील.