मराठीसाठी स्प्लिट कीबोर्ड: ४२ बटणांचा की ५८ बटणांचा?

निळी_शाई: दिवसभर भाषांतराचं काम, सगळं इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी). उजवी करंगळी आता कुरकुरायला लागलीय, म्हणून दोन तुकड्यांचा मेकॅनिकल घ्यायचा ठरवलाय. यादी गाळत गाळत दोनच उरले: कॉर्ने (४२ बटणं) आणि लिली५८. माझा कौल लिलीला. कॉर्नेला आकड्यांची ओळच नाही. इन्स्क्रिप्टमध्ये ऋकार बरोबरच्या (=) चिन्हावर, डॉक्टरमधला 'ॉ' उलट्या तिरक्या रेघेवर, कॅमेऱ्यातला 'ॅ' शिफ्ट-२ वर, आणि 'ड' पीच्या शेजारी, जिथे कॉर्नेवर सहसा बॅकस्पेस असतो. एवढी अक्षरं बेघर करून मिळवायचं काय? 'कमी बटणं घ्या' म्हणणारे बहुतेक जण इंग्रजीत टाइप करतात.

थरावर_थर: मी करतो मराठीत टाइप, कॉर्नेवरच. बॅकस्पेस अंगठ्याखाली न्या, 'ड' आपल्या जागी राहतो. 'ॉ', 'ृ', 'ॅ' दुसऱ्या लेयरवर (त्याच बटणांचा दुसरा अक्षरसंच), मधल्या ओळीतच. अंगठा दाबून धरायचा की झालं, हात जागचा हलत नाही. लिलीवर त्याच 'ॅ'साठी बोट दोन ओळी वर जाणार. आणि ऋकार असा लागतो तरी कितीदा?

निळी_शाई: कृपया, कृती, गृह, मृत्यू, दृष्टी, कृषी. सरकारी मराठीचं एक पान भाषांतरित करून बघा, मग विचारा.

आप्पा_टंकक: आम्ही मराठी ३० आणि ४० या टंकलेखनाच्या दोन्ही परीक्षा रेमिंग्टन टाइपरायटरवर काढल्या, तेव्हा बटण दाबायला बोटात खरंच जोर लागायचा. कुणाला स्प्लिट लागला नाही. खुर्ची दोन इंच वर करा, कोपर टेबलाच्या वर येऊ द्या. पैसे वाचतील.

कोपऱ्यातली_पूजा: आप्पा, खुर्चीचं पटलं, बाकीचं नाही. साध्या कीबोर्डवर ओळी एकमेकींपासून तिरक्या सरकलेल्या असतात, त्या टाइपरायटरच्या दांड्यांना जागा हवी म्हणून. दांड्या गेल्या, तिरकेपणा राहिला.

शाईताई, तुम्ही दोघं आकड्यांच्या ओळीवरून भांडताय, दुखतेय करंगळी. 'त्यांच्या' हा शब्द घ्या. 'य' उजव्या खालच्या कोपऱ्यात, 'च' त्याच्या वर, मधल्या ओळीत. म्हणजे एका शब्दात उजवी करंगळी खाली, वर, पुन्हा खाली. त्याच बोटाकडे ज, ड, ट. वर साध्या कीबोर्डवर शिफ्टही करंगळीचंच काम, आणि इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टशिवाय ख, घ, ध, भ, ण, ळ, श काहीच निघत नाही. दोन्ही बोर्डांवर उभे रकाने बोटांच्या लांबीप्रमाणे वरखाली असतात, करंगळीचा रकाना खाली उतरलेला. त्याने निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं शिफ्ट अंगठ्यावर आणल्याने. तेवढं करा आणि कुठलाही घ्या.

फक्त होम-रो मॉड्सच्या नादी लागू नका. त्यात मधल्या ओळीतलं बटण टिचकीला अक्षर देतं आणि दाबून धरलं की कंट्रोल वगैरे. इंग्रजीत ठीक आहे. आपला हलन्त डीवर, आणि प्रचलित मांडणीत डीवरच कंट्रोल. 'व्यक्त' लिहिताना डी जरा रेंगाळला की पुढचा 'त' म्हणजे एल. कंट्रोल-एल! ब्राउझरमध्ये असाल तर कर्सर थेट पत्त्याच्या पट्टीत. जोडाक्षरांच्या भाषेला हा जाच नको.

थरावर_थर: टॅपिंग टर्म, म्हणजे टिचकी की दाबून धरणं हे ठरवायची वेळ, वाढवली की बरंच कमी होतं ते.

कोपऱ्यातली_पूजा: वाढवली की खरा कंट्रोल हवा असतो तेव्हा ताटकळायचं. नको.

मांडणीवेडा: एवढा खर्च करताच आहात तर क्वर्टी ही नेहमीची इंग्रजी मांडणीही सोडा. कोलमॅक ही दुसरी मांडणी २००६ पासून आहे, इंग्रजीला बोटं निम्मी फिरतात.

थरावर_थर: थांबा, हिला खड्ड्यात घालू नका. कोलमॅक कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये) बसवला आणि संगणकावर इन्स्क्रिप्ट चालू केलं की सगळी अक्षरं विस्कटतात. संगणकाला वाटतं क्वर्टीचंच बटण आलंय. 'का' लिहायला जाल, 'ाि' उमटेल. कोलमॅक हवाच तर संगणकाच्या सेटिंगमध्ये ठेवा, नाहीतर मराठीसाठी क्वर्टीचा वेगळा लेयर करा.

मांडणीवेडा: मी रोमनमधून मराठी लिहितो, मला कधी अडलं नाही.

निळी_शाई: तुम्हाला 'ऱ्या' लिहायला किती बटणं दाबावी लागतात ते नका सांगू. पूजा, शिफ्ट अंगठ्यावर आणायचं पटलं, ते करणारच. घेणार मात्र लिलीच.

थरावर_थर: घ्या. वरची ओळ महिनाभरात धूळ खात बसेल.

निळी_शाई: आठवड्यात एका अंदाजपत्रकाचं भाषांतर येतंय, सगळे तक्तेच तक्ते. तुम्ही आकडे लेयरवरून भरा, मी ओळीवरून भरते. बघू.