मदत हवी आहे: वायरफ्रेम सोडून रंगकामाला नेमकं कधी लागायचं?

नमस्कार मंडळी,

डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेण्याच्या एका मोबाइल ॲपचं डिझाइन करतेय. कागदावरची स्केचेस झाली, फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये राखाडी वायरफ्रेमही (स्क्रीनचा बिनरंगी आराखडा) झाली आणि तिथेच घोडं अडलंय. वायरफ्रेम दाखवली की क्लायंट म्हणतो, "फारच कोरडं वाटतंय." रंग भरून दाखवलं की सगळी मीटिंग निळ्याच्या छटेवर जाते. अपॉइंटमेंट रद्द करायची सोय तीन मेनूंच्या आत दडलीय, ती लोकांना सापडेल का, हा माझा खरा प्रश्न. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

पुढच्या टप्प्यावर जायचं हे तुम्ही कशावरून ठरवता? ("डिझाइन सिस्टीम वापर" सांगू नका, ती, म्हणजे तयार बटणं-रंगांचा संच, आहे. तिने बटणं सुबक होतात, फ्लो (एका स्क्रीनवरून दुसरीवर जायची वाट) नाही.)

प्रतिसाद १
जे तपासायचंय त्यावरून ठरवा. तुमच्या प्रश्नाला कागदच पुरे. प्रत्येक स्क्रीन वेगळ्या कागदावर काढा आणि समोरच्याला विचारा, "उद्या तुम्हाला जायला जमणार नाही, काय कराल?" 'रद्द' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, नाहीतर तो तेच बटण शोधेल. तो बोट लावेल तसा कागद बदला, बाकी गप्प बसा. एका फेरीला पाच माणसं पुरतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० मध्ये लिहिलं होतं. दुरुस्ती करून पुन्हा पाच. पामपायलट हा खिशातला छोटा संगणक घडवणारे जेफ हॉकिन्स तर तो बनवण्याआधी नमुना म्हणून लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरायचे!

मजकूर मात्र पहिल्यापासून खरा घाला. लांबलचक नावं, "आज एकही वेळ शिल्लक नाही" हे सगळं. लोरेम इप्सममध्ये (जागा भरायच्या निरर्थक मजकुरात) लेआउट कधीच फाटत नाही.

प्रतिसाद २
क्लायंटसाठी एकच स्क्रीन पूर्ण रंगवा, बाकी फ्लो राखाडीच ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या मीटिंगमध्ये दाखवा. फ्लो पक्का झाला की मग बारीक काम: मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१, बटणं ॲपल सांगतं तशी किमान ४४ पॉइंटची (पॉइंट हे स्क्रीनवरचं माप), एरर आणि लोडिंगच्या स्क्रीन. आणि प्रोटोटाइप (दाबून बघता येणारा नमुना) फोनवरच बघा. लॅपटॉपवर अंगठा कुठवर पोचतो ते कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
कागदाची फेरी या आठवड्यातच घेते. एक शंका: कीबोर्ड उघडल्यावर खालचं बटण झाकलं जातं का, हे कसं बघायचं?

प्रतिसाद २
तेवढी एक स्क्रीन डेव्हलपरकडून कोडमध्ये करून घ्या. चित्रातला कीबोर्ड कुणालाच आडवा येत नाही.