केमोच्या दिवसांत घर कसं चालवलंत? मराठवाड्यातल्यांसाठी अनुभव धागा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर यंदा दोन रंगांच्या खुणा आहेत. लाल गोल म्हणजे डोसाचा दिवस. त्यापुढच्या तिसऱ्या आठवड्यावर हिरवी रेघ. घरातलं जे जे ठरवायचं ते त्या हिरव्या रेघेवर बसवायचं. पोराच्या दहावीची पालकसभा, सासऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी, वर्षाचं तिखट कुटणं, सगळं.

मी लातूरची, वय 43. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि मग केमो सुरू झाली. आधी दर 21 दिवसांनी लाल औषधाचे चार डोस, नंतर आठवड्याला एक असे बारा. पहिला डोस घेऊन आले त्या संध्याकाळी मी उभं राहून पोळ्या लाटल्या. वाटलं, एवढंच होतं होय? तो डोसासोबत दिलेल्या स्टिरॉईडचा जोर होता, हे तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी फोडणीच्या वासानं पोट ढवळून आलं आणि पाच दिवस मी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. सातव्या दिवसापासून जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणजे बाहेरून बरं वाटतं आणि आतून सगळ्यात जास्त जपायचं असतं. खरं मोकळं जगता येतं ते तिसऱ्या आठवड्यात. दोन डोस झाल्यावर हे गणित मला कळलं आणि नवऱ्यानं हिरवा स्केचपेन आणला.

पण महालक्ष्म्यांना, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना, हिरवी रेघ कुठून आणायची? दुसऱ्या डोसाच्या नवव्या दिवशी त्या आल्या. आमच्या घरात सासूबाईंच्या सासूपासून त्या उभ्या राहतात. घर भरून माणसं, सोळा भाज्या, पुरण, सवाष्णी. डॉक्टर म्हणाल्या, गर्दीत बसायचं नाही. जाऊबाईंनी मला न विचारता त्या आपल्या घरी नेल्या असत्या तर ते बरोबरच ठरलं असतं, पण त्यांनी विचारलं. आदल्या रात्री घरात आम्ही दोघीच होतो. तोंडाला मास्क लावून मी खुर्चीवर बसले आणि ज्येष्ठेला साडी नेसवली. बोटांत जोर नव्हता, निऱ्या तीनदा सुटल्या. जाऊबाई पिन हातात धरून थांबल्या, पण त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत होते आणि आरतीचा आवाज दारातून येत होता. मला परकं वाटलं नाही, कारण त्या निऱ्या माझ्या होत्या.

म्हणून हा धागा. औषधाचं काय ते आपापल्या डॉक्टरांना विचारायचं. इथं पाणी, भाकरी, शेत, लेकरं, सणवार, पाव्हणे, घराचे ठरलेले बेत यांचं लिहा. पेशंटनं लिहा, सांभाळणाऱ्यानंही लिहा.

परभणी जिल्हा, मुलगा

अण्णांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, वय 64. ऑपरेशननंतर आठ डोस ठरले. पहिल्या दिवशी सलाईनमधून औषध, मग चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. उपचार छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात. ते 2012 ला सुरू झालं म्हणून आमच्यासारख्यांची मुंबई वाचली.

त्या सलाईनमधल्या औषधाची एक गोष्ट आम्हाला घरी आल्यावर खऱ्या अर्थानं समजली. डोसानंतर पाच-सहा दिवस त्यांना थंड काही सहनच होत नव्हतं. दिवस पौषातले, हरभऱ्याला पाणी चालू. अण्णा सवयीनं पहाटे उठले, माठातलं पाणी प्याले आणि घसा धरून खाली बसले. श्वास अडकल्यासारखा झाला होता. दवाखान्यात सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं आणि झालेलं यात फरक असतो. नंतर मोटारीच्या स्टार्टरच्या लोखंडी पेटीला हात लावला तर मुंग्या नाही, सुया टोचल्यासारखं व्हायलं म्हणाले.

त्यांना शेतात जाऊ नका म्हणणं म्हणजे जेवू नका म्हणण्यासारखं. शेवटी आमचं असं ठरलं की डोसाच्या आठवड्यात मोटार मी चालू करायची, लाईट रात्री दोनला आली तरी मीच. अण्णांनी ऊन वर आल्यावर, अकराला यायचं, हातमोजे घालून, कोमट पाण्याचा थर्मास घेऊन. आणि पायात चप्पल पाहिजेच. गोळ्यांनी तळपायाची कातडी सोलवटली होती, आणि जन्मभर हा माणूस वावरात अनवाणी फिरलेला. मी चपलेवरून रोज भांडलो. रात्री झोपताना पायाला मलम लावायचं काम मात्र त्यांनी माझ्या पोरीला दिलं. ती सहा वर्षांची. ती लावताना ते तिला कोणत्या सरीत कसा घाटा धरलाय ते सांगायचे.

धाराशिव जिल्हा, सून

आमच्याकडं आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, केमो चालू होती तेव्हा उन्हाळा होता आणि टँकरचं पाणी. पाण्यावरच माझा अर्धा दिवस जायचा. पिण्याचं पाणी फडक्यानं गाळून, खळखळून उकळून, झाकणाच्या पातेल्यात वेगळं. त्यांचा तांब्या-पेला वेगळा. फळं फक्त सालीची, म्हणजे सोलून खाता येतील अशी. कोशिंबीर बंद, कच्ची कोथिंबीर वरून पेरणं बंद.

तोंड इतकं आलं होतं की भाकरीचा पापुद्राही टोचायचा. ज्यांची हयात ज्वारीवर गेली त्यांना भाकरी नको म्हणताना बघवत नव्हतं. मग ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात दूध, किंवा भाकरी गरम दुधात कुस्करून झाकून ठेवायची, पार लगदा होईपर्यंत. स्टीलच्या चमच्यानं तोंडाला लोखंडाची चव येते म्हणायच्या, म्हणून लाकडी चमचा आणला. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दवाखान्यातूनच सांगितल्या होत्या, दिवसातून चार-पाच वेळा. त्यानं फरक पडला.

एक फार महत्त्वाचं लिहिते. दहाव्या दिवशी रात्री त्यांना ताप आला, 101. घरात सगळे म्हणाले, गोळी द्या, सकाळी बघू. आमच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ताप 100.4 च्या वर गेला की लगेच दवाखाना गाठा, वेळ बघू नका. मी दिरांना उठवलं, रात्रीच गाडी काढायला लावली. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. सहा दिवस भरती होत्या. थर्मामीटर देव्हाऱ्याशेजारी ठेवा, सापडला पाहिजे.

जालना, पेशंट

वरच्या ताईंनी सगळं चांगलं केलं. पण पेशंट म्हणून एक सांगू का? माझ्या घरच्यांनी माझ्या हातातलं सगळं काम काढून घेतलं आणि मला ते आजारापेक्षा जड गेलं. लसूण सोलायला मागितला तरी "तू पड". मी दुकानाचा हिशोब वीस वर्षं लिहिते. तो पण दिरानं नेला. तिसऱ्या डोसानंतर मी रडून सांगितलं की माझी वही मला द्या. रोज अर्धा तास, पलंगावर बसून. ज्या दिवशी आकडे डोक्यात शिरायचे नाहीत त्या दिवशी नुसती तारीख टाकायचे. लातूरच्या ताईंची जाऊ पिन धरून थांबली, ते वाचून डोळ्यांत पाणी आलं.

बीड जिल्हा, नवरा

आमचं घर पाच खणांचं माळवद, मातीच्या धाब्याचं, आजोबांच्या काळचं. दोन वर्षं पैसे साठवून, घरकुलाचा पहिला हप्ता धरून, दिवाळीनंतर पाडायचं आणि दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधायचं ठरलं होतं. मिस्त्रीला विसार दिलेला. त्याच महिन्यात मंडळीचा रिपोर्ट आला, अंडाशयाचा कॅन्सर. बार्शीला दाखवलं, तिथंच केमो सुरू झाली.

मी बांधकाम थांबवायला निघालो होतो. तीच म्हणाली, थांबवायचं नाही, हप्ता परत गेला तर पुन्हा कोण देतंय. मग डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बांधा, पण पाडकाम होईल तिथं ही नको. जुन्या मातीत बुरशी असते, पांढऱ्या पेशी कमी असताना ती धूळ छातीत गेली तर फुफ्फुसाला धोका. ज्यांनी माळवद पाडलेलं बघितलंय त्यांना सांगायला नको. वरची पांढरी माती खाली यायला लागली की आठ दिवस गल्लीत पिठाच्या गिरणीसारखं होतं, दारं लावली तरी भाकरीत कचकच येते.

ती भावाकडं राहायला गेली, बार्शीजवळच, त्यामुळं डोसाचं जाणं-येणंही वाचलं. मी आठवड्यातून दोनदा जायचो, आणि अंघोळ करून, धुतलेले कपडे घालूनच तिच्या खोलीत जायचो. घराचा एकेक निर्णय मात्र तिचा. सागवानी तुळया विकायच्या नाहीत, त्यांचा दरवाजा करायचा, हे तिचं. ओट्याची उंची मिस्त्रीनं नेहमीची धरली होती. तिनं व्हिडिओ कॉलवर मला विटांच्या थराजवळ उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि म्हणाली, मी तुमच्या खांद्याला लागते, अजून एक थर खाली घ्या. ऑपरेशनमुळं पुढं तिला हात फार उंचावर न्यायला लागू नये, हेही तिनंच आधी बोलून ठेवलं.

आमच्याकडून एक चूक झाली, ती लिहितो. रंगाचं काम मी तिच्या पाचव्या डोसानंतर घाईनं काढलं, पाडव्याला घरात जायचं म्हणून. ती आली आणि वासानं दुसऱ्याच तासाला उलट्या सुरू झाल्या. परत बार्शीला नेली. पाडवा गेला. त्यानंतर महिनाभर खिडक्या उघड्या ठेवल्या, मगच तिला आणलं. गुढी नव्हती, पण तिच्या भावानं दारात पाणी ओवाळलं.

हिंगोली जिल्हा, मुलगी

माझं लग्न बाबांच्या केमोत झालं. हिरव्या रेघेचं गणित आम्हीही केलं होतं. डॉक्टरांना विचारून चौथ्या डोसाचा तिसरा आठवडा धरला, तीन मुहूर्तांतला तो निवडला. पण डोसाआधीच्या रक्ततपासणीत पेशी कमी आल्या, डोस आठ दिवस पुढं गेला आणि लग्न नेमकं दुसऱ्या आठवड्यात, सगळ्यात कमकुवत दिवसांत आलं. म्हणून सांगते, बेत करताना एक डोस पुढं जाणार हे धरूनच करा. आम्ही तारीख हलवू शकलो नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं बाबा मांडवात फक्त मंगलाष्टकांपुरते आले, मास्क लावून, वेगळ्या खुर्चीवर. पायाला हात लावायला येणाऱ्यांना माझा मामा दोन हात पसरून लांबूनच नमस्कार करायला सांगत होता. दोघं-तिघं नाराज झाले. होऊ दे.

नांदेड, आई

माझा मुलगा पाच वर्षांचा होता, रक्ताचा कॅन्सर. परळच्या टाटामध्ये पहिले आठ महिने. मी आणि तो मुंबईत, नवरा नोकरीवर, मोठी मुलगी आजीकडं. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत भाडं लागत नाही आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. दवाखान्यातून फॉर्म भरून घ्या, आम्हाला हे तिसऱ्या फेरीला कळलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात, पण आधार आणि रेशनकार्डावरचं नाव सारखं आहे का ते आधी बघा. आमचं एका अक्षरानं अडलं आणि चार दिवस गेले.

मला लिहायचंय ते मुलीबद्दल. ती तेव्हा सातवीत. देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी नांदेडला उतरलो की सगळं घर भावाभोवती. काय खातोस, कुठं दुखतंय. एकदा तिच्या दप्तरात मला एक वही सापडली. त्यात मी घरी असलेल्या दिवसांची बेरीज होती. महिन्याखाली आकडा, जूनमध्ये चार, जुलैमध्ये दोन. मी ती वही तशीच ठेवून दिली आणि त्या रात्रीपासून एक नियम केला. मी जिथं असेन तिथून रात्री साडेआठला तिला फोन. त्यात भावाचा विषय काढायचा नाही, तिनं काढला तरच. तिची गणितं, मैत्रिणींची भांडणं, केसांचं काय करू. धर्मशाळेच्या जिन्यात बसून मी त्रैराशिक शिकवलंय.

आता मुलाच्या घरी घ्यायच्या गोळ्या चालू आहेत, शाळेत जातो. वर्गशिक्षिकेला एकच विनंती केली आहे, कोणाला कांजिण्या आल्या की त्याच दिवशी मला फोन करा. त्याला ते साधं दुखणं नाही. तो फोन एकदा आला, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोललो म्हणून निभावलं.

लातूर, धागा सुरू करणारी

सगळं दोनदा वाचलं. हिंगोलीच्या ताई, एक डोस पुढं जाणार हे मी धरलंच नव्हतं. कालनिर्णयवर आता रेघ पेन्सिलनं काढणार आहे. नांदेडच्या ताई, माझी मुलगी आठवीत आहे आणि या वर्षात तिच्याबद्दल मी इथं एक वाक्य लिहिलं नाही, हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं.

माझा आठवड्याचा सातवा डोस उद्या आहे. येळवस, म्हणजे शेतात जेवायची वेळ अमावस्या, जवळ आलीय, डोसानंतर चौथ्या दिवशी. डॉक्टरांना विचारलं. आंबील नाही, पाट्यावरची चटणी नाही, भज्जी (शेंगा-भाज्यांची एकत्र भाजी) गरम असताना खाऊ शकता, धुळीत फार वेळ नको म्हणाल्या. शेतातली कडब्याची कोप यंदा पोरं घालणार आहेत. भज्जीला पाटी घेऊन हिरवे सोलाणे आणि तुरीच्या शेंगा सोलायच्या असतात, ते काम मी मागून घेतलंय. आज संध्याकाळी मुलीला सोबत बसवते.