व्हीआरमधलं शिक्षण फायरिंग रेंजवर टिकतं का?

पिक्सेलवाला
खोलीत शिरून झडती घ्यायचा ड्रिल आम्ही व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगात, बनवतोय. चौघांची तुकडी, डोक्यावर हेडसेट, हातात कंट्रोलर. चाचणीत पाचव्या फेरीलाच पोरं सराईत वाटायला लागली. खरी रायफल हाती आल्यावर यातलं किती उरतं? प्रत्यक्ष शिकवलेल्यांनीच सांगा, माहितीपत्रकं वाचून झालीत.

जुना_उस्ताद
बावीस वर्षं पायदळात, शेवटची चार सिम्युलेटरवर. पहिल्याच आठवड्यात एक गडी व्हीआरमधल्या भिंतीला खांदा टेकवायला गेला आणि धाडकन आडवा. भिंत होतीच कुठे! सगळे हसले, तोही हसला. पण त्यानंतर भिंतीला टेकणंच त्याने सोडलं, आणि तीच खोड घेऊन रेंजवर आला. आडोसा सोडून दोन हात लांब, उघड्यावर. मोडायला पंधरवडा गेला.

मॅगझिन बदलणं बटणावर ठेवलंय का? असेल तर आधी ते काढा. खऱ्या वजनाची, मॅगझिन निघणारी डमी रायफल द्या. पाऊचचं झाकण घामट बोटांनी उघडत नाही तेव्हाची धांदल बटणाला काय कळणार?

खरी कमाई नंतरच्या रिप्लेत. ‘माझी नळी कायम खालीच होती’ असं एकजण छातीठोक सांगत होता. वरच्या कोनातून दाखवलं, पुढच्या साथीदाराच्या पाठीवरून दोनदा फिरली होती. मला ओरडावंही लागलं नाही.

आणि चित्रं झकास करण्यात पैसे घालू नका. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने ‘सिमनेट’मध्ये रणगाड्यांचे सिम्युलेटर नेटवर्कने जोडले. चित्रं अगदीच ठोकळेबाज. पण सराव होता तो क्रूने एकमेकांशी बोलायचा, हालचाली जुळवायचा. तेवढ्याला ती पुरली.

अर्धा_तास_बस
मळमळीचं बघितलंत का? डोळे म्हणतात चाललोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते जागेवरच आहेस. जॉयस्टिकने चालवलंत की हमखास. पायांनी चालू द्या. मान वळली की चित्र साधारण २० मिलिसेकंदांत वळलं पाहिजे.

एआरचा (खऱ्या दृश्यावर चित्रं चढवणाऱ्या तंत्राचा) मोह होत असेल तर आयव्हासची गोष्ट वाचा. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या एआर हेडसेटवर बेतलेला सैनिकांसाठीचा चष्मा, २०२१ मध्ये अमेरिकी लष्कराचा मायक्रोसॉफ्टशी दहा वर्षांत २२ अब्ज डॉलरच्या आसपास जाऊ शकणारा करार. २०२२ च्या चाचणीत सैनिकांनी डोकेदुखी, डोळ्यांवर ताण आणि मळमळ सांगितली. पैसे असून ही गत.

पिक्सेलवाला
बटणावरच होतं, कबूल. काढतो. पण उस्ताद, भिंतीचं काय करू?

जुना_उस्ताद
प्लायवूड. हेडसेटमध्ये भिंत जिथे, तिथेच खरी फळी उभी करा, दाराची चौकटही. फक्त मापं स्वतः घ्या. चार बोटं चुकलात तर कुणाचं तरी नाक फुटेल.