कॉर्न डिप पौष्टिक म्हणायचं कशाच्या जोरावर?

तिखटमीठ: सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या रविवारी अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता कॉर्न डिपचा, म्हणजे चिप्स बुडवून खायच्या मक्याच्या चीजदार पदार्थाचा, ट्रे असतो. सोबत आग्रह ठरलेला, "अहो, मकाच आहे, घ्या की!" माझं म्हणणं, हा पदार्थ मक्याचा नाहीच. नेहमीची कृती घ्या: मक्याचे दोन डबे, ८ औंसांची क्रीम चीजची वडी, अर्धा कप मेयोनीज, अर्धा कप सावर क्रीम, दोन कप किसलेलं चेडर चीज. सगळ्याच्या मिळून साधारण ३००० कॅलरी होतात, त्यातल्या मक्याच्या जेमतेम ४००. वजनातही मका निम्म्याहून कमीच. बारा जणांत वाटलं तर माणशी २५० कॅलरी आणि ९-१० ग्रॅम संपृक्त मेद. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सल्ल्याप्रमाणे २००० कॅलरींच्या आहारात अख्ख्या दिवसाला १३ ग्रॅमच्या आत राहायचं असतं. चिप्स तर अजून मोजल्याच नाहीत.

गोडांबा: झालं, आला कॅल्क्युलेटर. त्याच बारा वाट्यांतलं प्रोटीनही मोजा की. माणशी सात ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका अंड्याहून थोडं जास्तच, आणि दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम वेगळं. मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं कमी पडतात, दुधाच्या प्रथिनात ती भरपूर. म्हणजे मका आणि चीज ही जोडी आहारशास्त्राच्या दृष्टीनेही बरी. पार्टीत दोन चमचे खाणाऱ्याला आख्ख्या ट्रेचा हिशोब कशाला?

तिखटमीठ: दोन चमच्यांवर थांबलेला माणूस दाखवा, त्याचा सत्कार करू. आणि ते प्रोटीन बहुतेक चेडरचं. मक्याच्या नावावर लोक फायबर गृहीत धरतात, ते त्या वाट्यात एक ग्रॅमही भरत नाही.

सराफ्यातला: आम्ही इंदूरचे मराठी, त्यामुळे या वादात पडणं भाग आहे. भुट्ट्याचा कीस घ्या. कणीस किसायचं, तुपात मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, वरून दूध घालून आटवायचं. मका, दूध आणि स्निग्ध पदार्थ तिन्ही आले, पण कढईत सगळ्यात जास्त असतो तो मकाच. डिपमध्ये मका नुसता शोभेला. चमच्याने खा, चिप्सचीही गरज नाही.

एडिसनवाली: कीस छानच, पण वीस माणसांसाठी कणसं किसत बसणार कोण, दादा? डबा फोडायला दोन मिनिटं लागतात. फक्त दाणे चाळणीत घेऊन नळाखाली धुवा, डब्यातलं काही मीठ निघून जातं. पूर्ण ट्रेमध्ये सोडियम सहज ३५०० मिलिग्रॅमच्या वर जातं. दिवसाची मर्यादा २३०० धरतात. माझ्या सासऱ्यांना रक्तदाब आहे, त्यामुळे मी कॅलरीआधी हे बघते.

चुन्याची निवळी: सगळे डिपच्या मागे लागलेत, चिप्सबद्दल कोणी बोलेना. टॉर्टिला चिप्सचा मका पारंपरिक पद्धतीने चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो. त्याने मक्यात अडकून बसलेलं नायसिन (ब३ जीवनसत्त्व) मोकळं होतं, कॅल्शियमही वाढतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत मुख्यतः मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार होई. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे, हे अमेरिकन डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या कामातून दाखवलं. मेक्सिकोत पिढ्यान्पिढ्या मका खाऊनही तो आजार असा पसरला नव्हता, कारण हा चुना. तेव्हा या ताटात पोषणाची अक्कल कुठे असेल तर ती चिपमध्ये आहे!

गोडांबा: ...आणि मग ती तेलात तळलेली आहे. २८ ग्रॅमला १४० कॅलरी. इतिहास आवडला, बाकी निष्कर्ष परत घ्या.

एडिसनवाली: मी क्रीम चीज, मेयो, सावर क्रीम तिन्ही काढून साडेचारशे ग्रॅम चक्का घालते आणि चेडर निम्मं करते. बेरीज ३००० वरून १३०० च्या घरात येते. ओव्हनमध्ये मात्र घालू नका, चक्का फुटून पाणी सुटतं. दाणे तव्यावर डाग पडेपर्यंत परतायचे, गार करायचे, मग लिंबू, कोथिंबीर, हालापिन्यो (मेक्सिकन मिरची).

सराफ्यातला: ताई, याला आम्ही कोशिंबीर म्हणतो.

गोडांबा: पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) कोशिंबीर नेऊन तिला डिप म्हणायचं, ही खरी फसवणूक. चेडरची तार सुटली पाहिजे. वर्षातून एकदा खायचं ते मनापासून खावं, उरलेले दिवस भाकरी आहेच.

तिखटमीठ: वर्षातून एकदा? सुपर बोल, चार जुलै, थँक्सगिव्हिंग, प्रत्येक पोराचा वाढदिवस. निदान चिप्सऐवजी काकडी आणि ढोबळी मिरचीच्या फोडी तरी ठेवा.

एडिसनवाली: ठेवल्या होत्या काका, मागच्या पार्टीला. काकडी जशीच्या तशी उरली. ट्रे मुलांनी बोटांनी पुसून साफ केला.